दगडाचा पाय

आमच्या गावात अजूनही सांगतात की मोजणीवाला सूर्यभान तेलगोटे लोकांच्या वावरातले हद्दीचे दगड उपटायचा. उजाडायच्या आत जायचा, कुदळीनं दगड खणायचा, आणि ज्यानं आदल्या दिवशी कोंबडी खाऊ घातली असेल त्याच्या फायद्यानं दोन हात सरकवून पुन्हा गाडायचा. सांगणाऱ्या प्रत्येकानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खुशालरावांचा सालदार देवमन तर शपथेवर सांगतो, "मी बाभईखाली बसेल होतो, मले दिसलं नं. हा असा वाकेल, अन् दगड एवढा बाहीर!" 'एवढा' म्हणताना तो हात पसरतो. दरवर्षी दगड वीतभर वाढतो.

देवमननं पाहिलं ते खरं. सूर्यभान खणत होता, दगड उघडा पडला होता आणि सूर्य उगवायचा होता. बाकी सगळं खोटं. त्यानं दगड तसूभर हलवला नाही. कोंबडीचं तर नावच सोडा. त्या आठ दिवसांत गावातल्या कोणाच्या घरचं पाणीसुद्धा त्याच्या घशाखाली गेलं नाही. आणि त्या खणण्यात कोणाचं काही गेलंच असेल, तर त्याचं स्वतःचं गेलं. एक आख्खं वर्ष.

गोष्ट एकसष्ट सालच्या मे महिन्याची. पण ती चार वर्षं आधी, बार्शीटाकळीपासून सांगायला हवी.

सूर्यभानचा बाप लवकर गेला. आई गोदाबाई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. छप्पन साली मायलेक नागपूरला जाऊन आले, आल्यावर घरातले देव नदीत सोडले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पोरगा मॅट्रिक झाला. मोजणी खात्यात उमेदवार घेऊन राहिले असं कोणीतरी सांगितलं. गोदाबाईनं विचारलं, "उमेदवार म्हंजे कोण?"

"काम शिकणारा. शिकून झालं का मोजणीदार."

"अन् मोजणीदार काय करते?"

"लोकायचे वावरं मोजते. धुरा कुठून जाते ते दाखवते."

गोदाबाईनं चुलीत तुऱ्हाटी सारली. "आपल्या नावावर उभं राहाले जागा नाई," ती म्हणाली, "अन् तू लोकायले त्यायची जागा दाखवशीन!" आणि इतकी हसली की धूर गेल्याचं निमित्त करून तिला डोळे पुसावे लागले.

उमेदवारी अमरावतीला, नत्थुजींच्या हाताखाली. नत्थुजी तीस वर्षांचे मुरलेले मोजणीदार. त्यांचं प्रत्येक वाक्य दोन हप्त्यांत यायचं. अर्धं वाक्य झालं की ते थांबत, डबी काढत, तपकिरीची चिमूट ओढत, डोळ्यांत पाणी येऊ देत, आणि मग उरलेलं अर्धं बोलत. नवा माणूस मधल्या वेळात काहीही समजून बसायचा. पहिल्याच दिवशी ते सूर्यभानला म्हणाले, "पोरा, ह्या कामात माणसानं खावं..." चिमूट, डबी बंद, डोळे पुसणं. "...तं फक्त सोताच्या डब्यातलं."

हाच त्यांचा कायदा होता. ज्या गावात साखळी पडली त्या गावात चहा नाही, पाणी नाही, पानाची शीर नाही. सावली घ्यायची ती झाडाची, घराची नाही. कारण ज्याच्या ओसरीवर मोजणीदार टेकला, त्याच्या शेजाऱ्याला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, वाकडा दिसायला लागतो. मग तुम्ही देवाच्या हातानं रेषा ओढा, ती विकलेलीच ठरते.

एकदा वरूडला संत्र्याचा बगीचा मोजायला गेले. ऐन बहार. मालकानं न विचारता बैलगाडीत टोपली ठेवून दिली. गाव सुटल्यावर नत्थुजींना ती दिसली. त्यांनी गाडी थांबवली आणि सूर्यभानला टोपली घेऊन मागे पाठवलं. कोसभर जाणं, कोसभर येणं. मालकानं टोपली परत घेतली, तोंड वेंगाडून म्हणाला, "बाप्पा, लय सोवळे!" सूर्यभान परत आला तेव्हा त्याच्या हातांना सालीचा वास येत होता. त्या दिवशी तो भाकर खाताना हात धुवायचं विसरला. विसरला म्हणजे, विसरलाच असं नाही.

पहिलं वर्ष त्यानं नुसती साखळी वाहिली. दुसऱ्या वर्षी लोखंडी सुया रोवायला मिळाल्या, तिसऱ्या वर्षी वही हाती आली. साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. रुपयातले आणे बाजारातून गेले तरी साखळीतले गेले नव्हते. पुढचा माणूस साखळी ओढत जातो आणि टोकाशी सुई रोवतो, मागचा ती सुई उचलत येतो. मागच्याच्या हातात जितक्या सुया, तितक्या साखळ्या झाल्या. मधे कोणी बोललं की मोजणी चुकते. म्हणून सूर्यभानला न बोलायची सवय लागली, आणि सवय लागल्यावर बोलायला कोणी उरलं नाही हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

तसं पाहिलं तर मोजणीवाल्याशी गावात सगळेच बोलतात. पाराजवळून गेला की दहा माणसं उठतात. पण कोणी विचारत नाही, बापू तू कुठला, घरी कोण कोण, जेवला का. सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या धुऱ्याशी बोलत असतात. अमरावतीत त्यानं खोली घेतली होती तिथे रविवारी दाराला कडी नसायची, कोणी ढकललं तर उघडं असावं म्हणून. चार वर्षांत ते दार वाऱ्यानंच उघडलं. आईला पत्र लिहावं तर तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचं म्हणजे शेजाऱ्यालाच लिहिल्यासारखं. मग तो लिहायचाच नाही.

चौथ्या वर्षी नत्थुजींनी सांगितलं, "आता एक मोजणी तू एकट्यानं करशीन. मी मागून येऊन तपासीन. टिकली तं मोजणीदारायच्या यादीत नाव..." चिमूट. सूर्यभान श्वास धरून उभा. "...नाई टिकली तं अजून एक साल उमेदवारी."

सूर्यभानच्या मनात हिशेब पक्का होता. यादीत नाव लागलं की अकोल्याला बदली मागायची, खोली घ्यायची, आणि आईचं वेचणं बंद करायचं. हे मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तो बार्शीटाकळीला जाऊन तिला सांगून आला. गोदाबाईनं त्याच दिवशी अर्ध्या गावाला सांगितलं, की यंदाचा हंगाम शेवटचा.

त्याला मिळालं ते आमचं गाव, दर्यापूरपासून पाच कोस आत, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. माझे बाबा तिथे शाळामास्तर होते. शाळेला सुट्टी, म्हणून सूर्यभानचा मुक्काम शाळेच्या ओसरीवर, आणि आमच्या दोन खोल्या त्या ओसरीला लागून. त्यामुळे पुढचं बरंचसं कानांनी ऐकलेलं आहे, आणि उरलेलं त्यानं पुढे थोडं थोडं करून सांगितलं.

भांडण होतं खुशालराव आणि पंचफुलाबाईचं. पंचफुलाबाई खुशालरावांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे नात्यानं वहिनी. दोघांची वावरं लागून. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरचा दगड हरवला होता, आणि दगड नाही म्हटल्यावर धुरा पाय फुटल्यासारखा दरसाल इकडून तिकडे जायचा.

खुशालरावांनी कधीकाळी अमरावतीच्या कोर्टात सहा वर्षं एक खटला चालवला होता. तेव्हापासून ते घरातही साक्ष दिल्यासारखे बोलत. "दरअसल बात अशी हाये का, ह्या वांग्यात मीठ नाई, अन् हे मी कोणासमोर बी बोलाले तयार हावो." हे म्हणताना छाती काढायची आणि 'बी'वर जोर द्यायचा, तरच ते खुशालराव होतात. पंचफुलाबाई बरोबर उलटी. तिचं प्रत्येक वाक्य 'मी म्हंतो'नं सुरू व्हायचं आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन संपायचं.

पहिल्याच दिवशी प्रश्न निघाला, साखळीचं एक टोक खुशालरावांच्या वतीनं देवमन धरणार, दुसरं कोण?

"मी म्हंतो, मीच धरतो," पंचफुलाबाई म्हणाली.

"वहिनी, तुमी? दरअसल हे बायायचं काम..."

"काहून? साखयी चावते का?" आणि तिनं पदर खोचून पितळी मूठ हातात घेतली सुद्धा.

देवमन म्हणाला, "तेच तं." देवमन सगळ्याच गोष्टींना 'तेच तं' म्हणायचा.

मे महिन्यात आमची काळी जमीन अशी फाटते की भेगेत गुडघ्यापर्यंत पाय जावा. त्यावरून साखळी ताणत न्यायची म्हणजे दर दहा पावलांना ती भेगेत लोंबणार, मग झटका देऊन वर काढायची. सूर्यभान पुढे-मागे करत, वाकत, सुया तपासत, ओठांत मोजत होता. डोक्यावर ओला रुमाल. सकाळी आठ ते अकरा, आणि मग चार ते सहा. मधले पाच तास तो नाल्याकाठच्या बाभळीखाली एकटा बसायचा. देवमन घरी जायचा, पंचफुलाबाई घरी जायची, पाखरंसुद्धा गावाकडे जायची.

पाण्याची गोष्ट अशी, की गावात गोड पाणी दोनच विहिरींना. दोन्ही खुशालरावांच्या भाऊबंदांच्या. उरलेल्या सगळ्या खाऱ्या. बाबांनी पहिल्या संध्याकाळी तांब्या पुढे केला तर त्यानं विचारलं, "मास्तर, पाणी कोणत्या हिरीचं?" बाबांना खोटं बोलता येत नाही. सूर्यभाननं हात जोडले. मग शाळेमागच्या खाऱ्या विहिरीतून स्वतःच घागर भरून आणली, आणि आठ दिवस तेच पीत राहिला. ते पाणी आमच्याकडे गुरंही एका दमात पीत नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी पंचफुलाबाई बाभळीखाली आली. हातात लख्ख घासलेला तांब्याचा तांब्या, वर पेला पालथा.

"घे, बापू. गोड हाये."

सूर्यभान उठून उभा राहिला. तांब्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. त्याच्या लहानपणी असल्या घरचं पाणी वरून, हाताच्या ओंजळीत पडायचं, आणि ओतणारा हात जितका उंच धरता येईल तितका उंच असायचा. इथे ती म्हातारी आपल्या पिण्याचा तांब्या आपल्या हातानं त्याच्या हातात देत होती. देताना तिनं दोन्हीकडे पाहिलंही नव्हतं.

"नको, बाई," तो म्हणाला.

"काहून नको?"

"तहान नाई."

"मी म्हंतो, ओठ पाह्य आपले. चिरले हायेत."

त्यानं ओठांवरून रुमाल फिरवला. कायदा सांगावा तर सांगता आला असता. पण सांगितला की त्याचा अर्थ होतो, 'तुमचं पाणी पिलं तर मी विकला जाईन असं लोक म्हणतील.' म्हणजे तिच्या पाण्यालाच नाव ठेवल्यासारखं. तो शब्द जुळवत राहिला आणि जुळेपर्यंत तिचा चेहरा बदलला.

"असं होय," ती हळू आवाजात म्हणाली. पंचफुलाबाईला हळू बोलताना गावानं ऐकलं नव्हतं. "आता आमचं तुमाले चालत नाई."

ती पाणी भेगेत ओतून निघून गेली. जमीन एवढी तापलेली की आवाज झाला. सूर्यभान बराच वेळ त्या भेगेकडे पाहत उभा राहिला. त्या संध्याकाळी ओसरीवर तो भाकर घेऊन बसला, आणि तशीच फडक्यात बांधून ठेवली.

सहाव्या दिवशी मोजणी संपत आली. जुन्या कागदाप्रमाणे खुशालरावांच्या टोकाच्या, नाल्याकडच्या दगडापासून पंचफुलाबाईच्या पलीकडच्या दगडापर्यंत बावीस साखळ्या चार आणे. आणि नाल्याकडच्या दगडापासून अकरा साखळ्या सहा आण्यांवर मधला, हरवलेला दगड. सूर्यभाननं नाल्याकडच्या दगडाच्या डोक्यावर मूठ टेकवून सुरुवात केली, अकरा साखळ्या सहा आण्यांवर खूण केली, देवमनकडून खणून घेतलं. कमरेइतका खड्डा झाला. दगड नाही.

"काया मातीनं गियला," खुशालराव काळ्या मातीकडे हात करून म्हणाले.

"तेच तं."

पुढे शेवटापर्यंत मोजलं तर बावीस साखळ्या चार आणे यायला हवे होते, आले त्याहून अर्ध्या आण्याला थोडं जास्त. सव्वा फूट. सूर्यभाननं वहीत लिहिलं, 'भेगांमुळे फरक.' भेगांवर साखळी लोंबते, आकडा जास्त येतो, हे सगळ्या मोजणीवाल्यांना माहीत. त्यानं दोघांना रेषा दाखवली. खुशालरावांना वाटत होतं आपले चार हात जातील, गेला एकच. पंचफुलाबाईला वाटत होतं काही मिळणार नाही. तिला ओंजळभर मिळालं. दोघांनीही कबूल म्हटलं. खुशालरावांनी सही ठोकली, पंचफुलाबाईनं अंगठा. खुणेवर नवा दगड बसला. पंचफुलाबाईनं गावात गूळ वाटला. शाळेच्या ओसरीसमोरून गेली, पण तिथे थांबली नाही.

नत्थुजी परवा येणार होते. काम संपलं होतं. आता फक्त वाट पाहायची.

सातवा दिवस सूर्यभाननं ओसरीवर काढला. वही उघडायची, मिटायची, उघडायची. आमच्या दारातून दिसायचं. सव्वा फूट. पाचव्या दिवशी त्यानं त्याच जमिनीवरून, त्याच भेगांवरून आडवी मोजणी केली होती. तिच्यात फरक दोन बोटांचा. मग इथेच सव्वा फूट कसा? एकदा तो बाबांना म्हणाला, "मास्तर, भेगा एवढं खात नाईत." बाबांना काय कळणार, ते म्हणाले, "असतील मोठ्या." त्यानं वही पुन्हा उघडली. अशी शंका बोलून दाखवायला त्याच्याजवळ माणूसच नव्हता. नत्थुजी असते तर त्यांनी नुसती डबी काढली असती आणि याला आपोआप सुचलं असतं.

सुचलं ते आठव्या दिवशी पहाटे. तो कुदळ घेऊन नाल्याकडे निघाला तो जवळजवळ पळतच.

नाल्याकडचा दगड वीतभर वर दिसत होता, किंचित कललेला. असे तर सगळेच कलतात. पण सूर्यभान त्याच्या भोवती खणत गेला तसा दगड खाली आणखी आणखी तिरपा निघाला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि पुरलेल्या दगडाला दरसाल थोडं थोडं ढकलते. शंभर वर्षं ढकलत होती. दगडाचं डोकं नाल्याकडे गेलं होतं. पाय जिथल्या तिथे. डोक्यापासून पायापर्यंत ओळंब्यानं धरलं तर सव्वा फूट.

दगडाच्या डोक्यावरून मोजू नये, पाय पाहून मोजावं. हे नत्थुजींनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. वीतभर दगड बघून आपण 'एवढंसं तर कललंय' म्हटलं, आणि खणायचा कंटाळा केला. कंटाळाही नाही, देवमन आणि पंचफुलाबाई साखळी धरून उन्हात उभे होते, त्यांना थांबवायचा संकोच.

तो खड्ड्याच्या काठावर बसला. कोणी आलं नव्हतं. माती परत लोटली असती तर पाव घटकेचं काम. नत्थुजींनी तपासणी केली असती ती वहीवरून, नव्या दगडावरून. सह्या-अंगठे झालेले, भांडण मिटलेलं, दोघे खूश. यादीत नाव. अकोल्याची खोली. बार्शीटाकळीत अर्ध्या गावाला सांगून बसलेली गोदाबाई.

हे सगळं त्यानं पुढे सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग माती का नाही लोटली? तो म्हणाला, "लोटली असती तं दगडाचा पाय मले एकट्यालेच माहीत राह्यला असता. अजून एक गोष्ट एकट्यानं कुठी ठेवू?"

बाभळीखाली देवमन होता हे त्याला ठाऊकच नव्हतं.

खड्डा तसाच उघडा ठेवून तो गावात आला आणि आधी पंचफुलाबाईच्या दारात गेला. आत नाही गेला, अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, "बाई, माही चूक झाली. रेषा चुकली. सव्वा फूट तुमच्याकडून जाते."

पंचफुलाबाईचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू आला. "मी म्हंतो, गूळ वाटला नं मी! गावानं खाल्ला! आता गूळ कोणाच्या पोटातून काढू? सव्वा फूट, पुऱ्या वावराच्या लांबीचा! तू मोजणीवाला हायेस का भानामतीवाला? काल हाये, आज नाई!"

खुशालरावांना सांगितलं तर ते आनंदापेक्षा जास्त संशयात पडले. "दरअसल मले हे समजून नाई राहिलं. तुले कोणी सांगतलं हे? तुले ह्याच्यात काय भेटते?"

"काई नाई."

"मंग काहून सांगून राहिला?" ते खरोखरच विचारत होते.

दहाच्या सुमारास नत्थुजी छकड्यातून उतरले. सूर्यभान त्यांना थेट नाल्याकडे घेऊन गेला. अर्धं गाव मागे. नत्थुजींनी दगडाचा उघडा पाय पाहिला, साखळीकडे बोट केलं. पायापासून पुन्हा साखळी पडली. पंचफुलाबाईनं रागानं का होईना मूठ धरली. दुसऱ्या कोणाला धरू द्यायला ती तयार नव्हती. अकरा साखळ्या सहा आणे. नवी खूण जुन्या खड्ड्याच्या काठाबाहेर चार बोटं आली. देवमननं नवा दगड काढून खड्ड्याची तीच बाजू फोडली. तिसऱ्या घावाला कुदळ खणकन वाजली.

हरवलेला दगड तिथे उभा होता. खड्ड्याच्या भिंतीआड, चार बोटांवर.

गाव ओरडलं. खुशालरावांनी देवमनची पाठ थोपटली, जसा काही दगड त्यानंच घडवला होता. सूर्यभान नत्थुजींच्या तोंडाकडे पाहत होता. नत्थुजींनी डबी काढली.

"दगड भेटला, हे बरं झालं..."

चिमूट ओढली. डोळे पुसले. त्या वेळेत सूर्यभान, त्याच्याच सांगण्यावरून, अकोल्याला जाऊन, खोली घेऊन, आईला आणून, चहा टाकून मोकळा झाला होता.

"...पण तू दोन माणसायले खोटी रेषा दाखवून सही-अंगठे घेतले होते. अजून एक साल."

"हो," सूर्यभान म्हणाला.

नत्थुजी छकड्यात बसले. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी अर्धं बोलले, पण बैल सुटले आणि दुसरं अर्धं राहिलंच.

सूर्यभान मागे राहिला, नकाशा पुरा करायला. चार वाजता ओसरीवर त्यानं साखळी पुसून, कडी कडी पाहून गुंडाळली. बार्शीटाकळीवरून जावं की सरळ अमरावतीला, हे त्याचं ठरत नसावं. दोनदा पिशवी उचलून दोनदा खाली ठेवली. मी आमच्या उंबऱ्यावर बसले होते. तेरा वर्षांची होते आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

"सूर्यभानभाऊ, आता तुम्ही काही या गावात परत येत नाही."

"येईन."

"कशाला याल? तोंड दाखवायला? पंचफुलाआजी दगड मारेल. पैज लावा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी किती आण्यांवर आहे ते मोजतो आहे. "लाव. मी आलो तं तू एक दिवस माह्यासंगं वावरात यायचं. काठी धरून उभं राहायचं, अन् एक शब्द बोलायचा नाई."

"आणि नाही आलात तर मला काय?"

"नाई आलो तं मी अथी नसनच. तुले काय देऊ?"

मला ही पैज जिंकण्यासारखी नव्हतीच, हे तो गावाबाहेर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्या दिवसांत ओसरीवर चार वाक्यंसुद्धा सलग न बोललेल्या माणसानं मला फसवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पंचफुलाबाईनं दुसऱ्या बाजूच्या धुऱ्यासाठी अर्ज केला. उत्तमरावांशी वाद. बाबांकडून अर्ज लिहून घेतला. "मी म्हंतो, लिहा मास्तर, तोच पोट्टा पाठवा. सोताची चूक सोता सांगणारा." बाबांनी लिहिलं नाही, असं कोणाला मागता येत नसतं म्हणाले. तिनं अंगठ्याच्या खाली बोटानं टकटक करून सांगितलं, "लिहा." बाबांनी लिहिलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यभान सायकलवरून आला. खांद्याला साखळीची पिशवी, हातात कागद. कागदावर त्याच्या नावापुढे 'उमेदवार' नव्हतं. मी आधी तेच पाहिलं, आणि मग आदल्या वर्षी त्यानं बाबांना सांगितलेलं आठवून विचारलं, आईला आणलं का अकोल्याला?

"मोजणी झाल्यावर आणीन," तो म्हणाला. "आता ती म्हंते, अजून एक हंगाम. करमत नाई म्हंते, मी घरी राहून करू काय." त्यानं पिशवी ओसरीवर ठेवली, जिथे आदल्या वर्षी ठेवली होती तिथेच. "चाल. उद्या सकाळी आठ."

मी गेले. पैज हरले होते. उत्तमरावांच्या टोकाला, नाल्यापासून पार दूर, त्यानं माझ्या हातात रेषा सरळ धरायची लाल-पांढरी काठी दिली आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. देवमन आणि पंचफुलाबाई साखळीबरोबर पुढे सरकत लहान लहान होत गेले. पंचफुलाबाई काहीतरी 'मी म्हंतो' करत होती, ते मला ऐकू येईना. मग तेही दिसेनासे झाले. नऊ वाजेपर्यंत मला तीन गोष्टी सांगायच्या होत्या, दहापर्यंत सात. आणि साडेदहाला त्या कोणाला सांगायच्या होत्या तेच आठवेना. बावीस साखळ्यांवर सूर्यभानचा एक ठिपका होता. त्यानं हात डावीकडे केला. मी काठी डावीकडे घेतली.